काल्पनिक अंतराळयानांतील देखभाल-बोगदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथा वाचणारे, पाहणारे आणि लिहिणारे लोक यानांतल्या अरुंद, रांगत जायच्या वाटांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. देखभाल-बोगदा म्हणजे नेमके काय? यानातल्या नेहमीच्या मार्गिकेपेक्षा तो वेगळा कसा?

मार्गिका माणसांच्या येण्याजाण्यासाठी आखलेली असते. देखभाल-बोगदा यंत्रणेच्या सोयीने आखलेला असतो आणि माणसाला तिथे स्वतःला जुळवून घ्यावे लागते. यानाच्या दोन मजल्यांमधल्या, किंवा आतली भिंत आणि बाहेरचे कवच यांमधल्या पोकळीतून वीजवाहिन्या, शीतकाचे (यंत्रे थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) नळ, संदेशवहनाच्या तारा आणि इंधनाच्या वाहिन्या जातात. त्यांपैकी काहीही बिघडले तर तिथवर माणसाचा हात पोहोचला पाहिजे, म्हणून त्याच पोकळीत एक वाट राखून ठेवतात. ती कधी आडवी आणि रांगत जायची असते, कधी उभी आणि शिडीची, आणि जिथे अशा वाटा मिळतात तिथे माणसाला वळता येईल, अवजारे ठेवता येतील एवढा चौक असतो. बोगद्याची भिंत म्हणजे एकापुढे एक लावलेली झाकणे असतात आणि प्रत्येक झाकणाआड काहीतरी काम चालू असते, ही त्याची सर्वांत सोपी ओळख.

२. अशा बोगद्यांना 'जेफरीज ट्यूब' का म्हणतात?

१९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झालेल्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांच्यावरून हे नाव पडले. मालिकेतल्या 'एंटरप्राइझ' या यानाचे बाह्यरूप त्यांनीच रेखाटले होते. मुख्य अभियंता आत शिरून काम करतो ती तिरपी, उभ्याने चढायची नळीही त्यांच्याच विभागाने उभारली, आणि चित्रीकरणाच्या जागी काम करणाऱ्या मंडळींनी तिला गमतीने त्यांचे नाव दिले. पुढे 'द नेक्स्ट जनरेशन' या १९८७ ते १९९४ च्या मालिकेत ते नाव पात्रांच्या तोंडी आले, नळीची रांगत जायच्या बोगद्यांची जाळी झाली आणि मालिकेबाहेरचे वाचकही कोणत्याही यानातल्या अशा वाटेला तेच नाव देऊ लागले. काटेकोरपणे पाहता ते एका कथाविश्वातले नाव आहे. दुसऱ्या कथेत ते उचलून वापरण्याऐवजी त्या यानावरच्या माणसांच्या तोंडी शोभेल असे नाव शोधणे अधिक चांगले.

३. यानाबाहेर जाऊन दुरुस्ती करता येते, मग आतून बोगदे कशाला हवेत?

या विषयातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर जेफरीज यांच्या रेखाटनातच दडलेले आहे. ते विमानांचे जाणकार होते, स्वतः वैमानिकही होते. यानाचे कवच त्यांनी जाणूनबुजून गुळगुळीत ठेवले, कारण जे यंत्र बाहेर लावाल ते दुरुस्त करायला कोणाला तरी बाहेर जावे लागेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. यंत्रे आत घ्यायची म्हटले की त्यांच्यापर्यंत जाणारी वाटही आत हवी. म्हणजे बाहेरचे गुळगुळीत कवच आणि आतला बोगदा हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत.

बाहेर जाणे किती जिकिरीचे असते, हे प्रत्यक्ष अंतराळवीरांच्या कामावरून समजते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हवेचा दाब समुद्रसपाटीइतका, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि अमेरिकी बनावटीच्या अंतराळ-पोशाखात तो सुमारे ३० किलोपास्कलवर येतो. दाब असा उतरताना रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून आधी दीर्घकाळ शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे घ्यावा लागतो. त्यामुळे बिघाड लक्षात आल्यापासून माणूस त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तास उलटतात. आतल्या बोगद्यातून तेच अंतर काही मिनिटांचे ठरते.

याची उलट बाजू १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात दिसते. तिथे बिघडल्याचे सांगितले गेलेले उपकरण यानाबाहेरच्या अँटेनावर असते आणि ते पुन्हा बसवायला बाहेर पडणे एका अंतराळवीराच्या जिवावर बेतते. अँटेनापर्यंत आतून वाट असती तर ती कथा त्या रूपात घडलीच नसती. अर्थात सगळे काही आत घेता येत नाही. उष्णता बाहेर टाकणारे पत्रे, म्हणजे रेडिएटर, अँटेना आणि दुर्बिणी यांना उघड्या अवकाशाकडे तोंड करूनच राहावे लागते. त्यांच्या मुळाशी आतून पोहोचता येते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

४. खऱ्या अंतराळयानांत असे बोगदे आहेत का?

कथांतल्यासारखे नाहीत, कारण खरी याने अजून तेवढी मोठी झालेली नाहीत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथल्या प्रयोगशाळांच्या भिंती म्हणजे कपाटाएवढ्या चौकटींच्या रांगा आहेत. यांतल्या बऱ्याचशा चौकटी खालच्या टोकावर पुढे कलवता येतात आणि मग मागचे कवच, नळ आणि तारा उघड्या पडतात. मुख्य वाहिन्या कक्षाच्या चार कोपऱ्यांतल्या पोकळ्यांतून नेलेल्या आहेत. माणूस भिंतीत शिरत नाही, भिंतच पुढे येते. अपोलो मोहिमांत मुख्य यान आणि चांद्रयान यांना जोडणारा बोगदा होता, पण तो ये-जा करण्यासाठी होता.

खरे पूर्वज सापडतात ते जुन्या हवाई जहाजांत आणि बॉम्बफेकी विमानांत. 'हिंडेनबर्ग'सारख्या जर्मन हवाई जहाजात पोटातून लांबच लांब पदपथ जात असे आणि यंत्रकामगार तिथून बाहेर लटकणाऱ्या इंजिनांच्या कोठड्यांत जाऊन उड्डाण चालू असतानाच इंजिनांची देखभाल करीत. अमेरिकेच्या बी-३६ या विमानात पुढचा आणि मागचा दाबयुक्त कक्ष जोडणारी सुमारे २५ मीटर लांबीची अरुंद नळी होती. तीत माणूस चाकांच्या फळीवर झोपून स्वतःला दोराने ओढत जाई. त्याच विमानाचे पंख मुळाशी इतके जाड होते की उड्डाणात त्यांच्या आत शिरता येई. यानातल्या बोगद्याविषयी लिहिणाऱ्याने रॉकेटांपेक्षा या विमानांची चित्रे आधी पाहावीत, असे मी आग्रहाने सुचवेन.

५. बोगदा किती रुंद असावा?

यासाठी सागरी जहाजांचे नियम हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. तेलवाहू आणि मोठ्या मालवाहू जहाजांच्या टाक्यांत व पोकळ्यांत जाण्याच्या वाटांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात किमान मापे ठरवलेली आहेत. मजल्यातून खाली उतरायचे भोक किमान ६०० बाय ६०० मिलिमीटर आणि उभ्या भिंतीतून पलीकडे जायचे भोक किमान ६०० बाय ८०० मिलिमीटर असावे लागते. या मापांमागचा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे : पाठीवर हवेची टाकी आणि अंगावर संरक्षक कपडे असलेला माणूस तिथून जाऊ शकला पाहिजे, आणि जखमी झालेल्याला वर ओढून काढता आले पाहिजे.

दुसरी अट लेखक बहुधा विसरतात. एकटा, धडधाकट, सडपातळ माणूस आत शिरला म्हणजे बोगदा पुरेसा आहे असे नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाला दुसऱ्याने बाहेर आणता येईल का, हा खरा निकष आहे. दाबयुक्त अंतराळ-पोशाख घालून जायचे असेल तर ही मापे पुरणार नाहीत आणि गुडघे-कोपरे वाकवणेही अवघड होईल, हेही येथेच सांगितले पाहिजे.

६. एवढे मोठे यान बांधायचे, तर मग या वाटा उभ्याने चालण्याएवढ्या उंच का करत नाहीत?

कारण रिकामी जागाही फुकट नसते. ती वेढायला कवच लागते, भरायला हवा लागते, ती हवा उबदार आणि स्वच्छ ठेवायला ऊर्जा लागते, आणि या साऱ्याचे वस्तुमान प्रत्येक वेळी वेग बदलताना इंजिनाला ढकलावे लागते. शिवाय बोगदा जितका रुंद, तितकी भिंतीतली यंत्रे हातापासून दूर जातात. अरुंद वाटेत पडून राहिलेल्या माणसाला दोन्ही बाजूंची झाकणे जागेवरूनच उघडता येतात. नेहमीच्या रहदारीच्या ठिकाणी मात्र, उदाहरणार्थ इंजिन-कक्षाच्या जवळ, उभ्याने जाता येईल असा मार्ग असणेच शहाणपणाचे.

७. हवेचा डक्ट आणि देखभाल-बोगदा एकच ना?

नाही, आणि ही गल्लत फार होते. डक्ट हवा वाहून नेण्यासाठी असतो. त्याचा पत्रा पातळ असतो, आत पंखे, गाळण्या आणि झडपा असतात, आणि माणसाचे वजन पेलण्याची सोय त्यात असण्याचे कारण नसते. माणूस आत शिरला की हवेचा प्रवाहही अडतो. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटात यानाचा कप्तान ज्वालाफेकी घेऊन ज्या वाटांत शिरतो, त्या हवेच्याच आहेत. पण तिथे डक्ट माणूस मावेल एवढे मोठे असून एकामागून एक बंद करता येणारी दारे त्यांत आहेत, आणि दिग्दर्शकाने ती दारे कथेत नेमकी वापरली आहेत. म्हणजे अशी सरमिसळ करता येते. मात्र माणसाला पेलणारा तळ आणि बंद करता येणारी दारे दाखवण्याची जबाबदारी मग लेखकावर येते.

८. बोगद्यात श्वास घेण्याजोगी हवा असतेच का?

ती असतेच असे गृहीत धरू नये. जहाजांवर बंदिस्त जागेत शिरण्यापूर्वी ऑक्सिजनचे प्रमाण मोजणे सक्तीचे आहे, आणि त्यामागे अनेकांचे प्राण गेल्याचा अनुभव आहे. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खर्ची पडतो आणि आत उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत १९.५ टक्क्यांच्या खालची हवा अपुरी मानली आहे. यानात याखेरीज शीतकाची गळती, आग विझवण्यासाठी सोडलेला वायू किंवा मुद्दाम भरलेला नायट्रोजन यांचाही धोका राहील.

गुरुत्व नसलेल्या यानात आणखी एक संकट असते. तिथे उबदार हवा वर चढत नाही, त्यामुळे माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या चेहऱ्याभोवतीच साचून राहतो. अंतराळ स्थानकात पंखे अखंड फिरत ठेवण्यामागचे हे एक मोठे कारण आहे. वीज गेलेल्या यानाच्या बोगद्यात निश्चल पडून राहिलेल्या माणसाला आसपास भरपूर ऑक्सिजन असूनही गुदमरायला होईल. त्याने अधूनमधून जागा बदलली पाहिजे किंवा हाताने वारा घातला पाहिजे. इतका अचूक आणि इतका कमी वापरला गेलेला प्रसंग या विषयात दुसरा नसेल.

९. बोगद्यात 'खाली' कोणती दिशा असते? शिड्या कुठे लावाव्यात?

यानात वजन कशामुळे जाणवते यावर सगळे अवलंबून आहे. कृत्रिम गुरुत्वाची काल्पनिक यंत्रणा असेल तर घरातल्यासारखे वर-खाली असते आणि प्रश्न मिटतो. तशी यंत्रणा नसेल तर तीन स्थिती संभवतात.

पहिली स्थिती इंजिन चालू असतानाची. त्या वेळी इंजिनाची बाजू म्हणजे 'खाली'. यानाच्या लांबीच्या दिशेने गेलेला बोगदा, जो इंजिन बंद असताना तरंगत पार करता येतो, तो इंजिन पेटताच विहीर होतो. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतके त्वरण असेल तर तीस मीटर खोल बोगद्यात पडणारा माणूस अडीच सेकंदांत तळ गाठतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरहून अधिक असतो. म्हणून अशा बोगद्यात ठरावीक अंतरावर जाळीचे टप्पे हवेत आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी आत कोणी नसल्याची खात्री करण्याची शिस्तही हवी.

दुसरी स्थिती फिरत्या यानाची. तिथे वजन फिरण्यामुळे जाणवते आणि आसाकडे चढणाऱ्या माणसाचे वजन पायरीपायरीने कमी होत जाते. खरी मेख पुढेच आहे. बाहेरच्या घेरावर असलेला माणूस अधिक वेगाने फिरत असतो. आत येताना तो वेग त्याच्याबरोबर येतो, म्हणून चढताना तो यान ज्या दिशेला फिरते त्या दिशेला ढकलला जातो आणि उतरताना उलट दिशेला. शिडीने आपल्याला दूर ढकलू नये, जवळ घ्यावे, असे वाटत असेल तर चढायची शिडी फिरण्याच्या दिशेकडच्या भिंतीवर आणि उतरायची समोरच्या भिंतीवर लावावी. एकाच विहिरीत समोरासमोर दोन शिड्या दिसल्या की त्या यानाची आखणी कोणीतरी नीट विचार करून केली आहे, असे मी समजतो.

तिसरी स्थिती वजनरहित. तिथे शिडीपेक्षा पकडायच्या कड्या आणि पाय अडकवायच्या पट्ट्या उपयोगी. पाना फिरवायला गेलेला माणूस आधार नसेल तर स्वतःच उलट फिरू लागतो, म्हणून काम सुरू करण्याआधी तो पाय पट्टीत रोवतो, पाना मनगटाला दोरीने बांधतो आणि झाकणाचा शेवटचा स्क्रू पूर्ण न काढता सैल ठेवतो. स्क्रू झाकणालाच अडकून राहतील अशा बनावटीचे असले तर अधिक बरे. सुटलेला एक स्क्रू हवेच्या झोताबरोबर वाहत जाऊन पुढच्या गाळणीत किंवा उघड्या जोडणीत सापडतो.

१०. यानाला भोक पडले तर बोगद्यातला माणूस हॅच, म्हणजे हवाबंद दार, उघडून सुरक्षित भागात का जाऊ शकत नाही?

कारण हवेचा दाब आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठा असतो. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या हॅचच्या एका बाजूला नेहमीचा दाब आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असेल, तर त्या हॅचवर सुमारे ३.७ टन वजनाएवढा जोर येतो. दाबातला फरक दहावा हिस्सा असला तरी तो ३७० किलो भरतो. दाबाच्या विरुद्ध दिशेने उघडणारी हॅच त्या क्षणी कोणाच्याही ताकदीने उघडत नाही. दाबाच्या दिशेने उघडणारी असेल तर ती खटका काढताच माणसाला घेऊन उडते. म्हणून खऱ्या हॅचमध्ये दोन्हींकडचा दाब समान करणारी छोटी झडप असते, आणि आधी ती उघडून वाट पाहावी लागते.

हॅच कोणत्या बाजूला उघडावी हा निवडीचा प्रश्न आहे आणि दोन्ही निवडींची किंमत असते. आत उघडणारे दार आतल्या दाबानेच घट्ट बसते, गळत नाही. पण २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या चाचणीत आग लागली तेव्हा वाढलेल्या दाबामुळे तेच आत उघडणारे दार उघडता आले नाही आणि तिघे अंतराळवीर दगावले. त्यानंतर अपोलोचे दार बाहेरच्या बाजूला झटपट उघडेल असे नव्याने बनवले गेले. आपल्या काल्पनिक यानाच्या प्रत्येक हॅचविषयी हा निर्णय लेखकाने घेतलेला असावा.

११. ही कामे यंत्रमानव का करत नाहीत?

ठरलेली तपासणी त्यांनीच करावी. नळांच्या आतून फिरणारी तपासणी-यंत्रे आजही वापरात आहेत. माणूस लागतो तो बिघाड काय आहे हेच ठाऊक नसते तेव्हा. मात्र ज्या यानात सगळी देखभाल यंत्रे करतात त्या यानात माणूस मावणारे बोगदे असण्याचे काहीच कारण नाही. तिथे हातभर रुंदीच्या वाटा पुरतील, आणि यंत्रे बंद पडल्यावर तिथे माणूस पोहोचू शकणार नाही. या शक्यतेवर स्वतंत्र कथा उभी राहू शकते.

१२. लपून फिरायला बोगदे इतके सोपे कसे? यानाला कळत नाही का?

कळायला हवे. प्रत्येक हॅच उघडल्याची नोंद नियंत्रण-कक्षात झाली पाहिजे, कारण आत माणूस आहे हे ठाऊक नसेल तर एखादा वीजप्रवाह किंवा शीतक सुरू केला जाईल आणि तो प्राणास मुकेल. म्हणजे लपणाऱ्याला पकडणारी यंत्रणा मुळात कामगाराच्या सुरक्षेसाठीच असते. त्यामुळे लपण्याचा प्रसंग पटवायचा असेल तर ती नोंद का होत नाही याचे कारण द्यावे लागते. 'द नेक्स्ट जनरेशन'च्या १९९३ मधील 'स्टारशिप माइन' या भागात हे कारण चोख आहे : यान निर्जंतुकीकरणासारख्या एका प्राणघातक झाडणीसाठी पूर्ण रिकामे केलेले असते, यंत्रणा बंद असतात, आणि कप्तान व घुसखोर या दोघांनाही झाडणी पुढे सरकण्याआधी बोगद्यांतून वाट काढावी लागते.

१३. लिफ्ट बंद पडल्यावर बोगद्यांतून यानाच्या दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागेल?

कथांत दाखवतात त्याहून बराच जास्त. 'द नेक्स्ट जनरेशन'मधल्या 'एंटरप्राइझ-डी' या यानाची लांबी सुमारे ६४२ मीटर आणि मजले ४२ मानले जातात. गुडघ्यांवर रांगणारा माणूस सेकंदाला अर्धा मीटर जातो असे धरले, तरी ३०० मीटरला दहा मिनिटे लागतील. त्यात प्रत्येक हॅचपाशी दाब तपासणे, चौकात वळणे, शिडीवर दम घेणे आणि अवजारे ओढत नेणे मिळवले की अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्याच मालिकेतला १९९१ मधील 'डिझास्टर' हा भाग यासाठी आवर्जून पाहावा. लिफ्ट बंद पडलेल्या यानात दोन अधिकारी बोगद्यांतून इंजिन-कक्षाकडे निघतात, वाटेत विजेचा झोत आडवा येतो आणि तो अडवण्यासाठी यंत्रमानव असलेला अधिकारी स्वतःचे शरीर मध्ये घालतो. यान बिघडते तेव्हा देखभालीची वाटही बिघाडातून सुटत नाही, हे या प्रसंगात स्पष्ट दिसते.

१४. इतक्या सारख्या दिसणाऱ्या बोगद्यांत माणूस वाट कशी ओळखतो?

क्रमांकांवरून. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर प्रत्येक कक्षाला मजला, पुढून मोजलेल्या चौकटीचा क्रमांक आणि मध्यरेषेपासूनची जागा यांवरून पत्ता दिलेला असतो. मध्यरेषेवर शून्य, उजवीकडे विषम आणि डावीकडे सम अंक. धुरात किंवा अंधारातही एक पाटी वाचली की आपण नेमके कुठे आहोत आणि जवळची बाहेर पडायची वाट कोणत्या दिशेला आहे, हे कळते. यानासाठी हीच पद्धत बिनदिक्कत घ्यावी. पाट्या हाताने चाचपून वाचता येतील अशा उठावाच्या असाव्यात, एवढी भर मी सुचवेन.

१५. इंजिन चालू असताना त्याच्या बोगद्यात जाता येते का?

हे इंजिनाच्या प्रकारावर ठरते. साध्या यंत्रांबाबत जाता येत असे, हे प्रश्न ४ मध्ये आलेच आहे. अणुभट्टी किंवा त्याहून प्रखर काही असेल तर अडचण उष्णतेची आणि किरणोत्साराची. अंतर दुप्पट केले की लहान स्रोताकडून येणारा किरणोत्सार चौथा हिस्सा उरतो, म्हणून लांब बोगदा हे स्वतःच एक संरक्षण असते. पण सरळ बोगद्यातून किरणेही सरळ येतात, तेव्हा त्याला किमान एक-दोन काटकोनी वळणे असली पाहिजेत. मूळ 'स्टार ट्रेक'च्या १९६९ मधील 'दॅट विच सर्व्हाइव्ज' या भागात मुख्य अभियंता धावत्या यानाच्या ऊर्जास्रोताजवळच्या देखभाल-वाटेत शिरून हाताने काम करतो. त्यात एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो : काम फसले तर तो भाग त्याच्यासकट यानापासून तोडून टाकायची तयारी ठेवलेली असते. बोगदा आणि तोडायची रेषा यांची आखणी एकत्रच करावी लागते, हे त्यातून ध्यानात येते.

१६. संकटाच्या वेळी सगळे प्रवासी बोगद्यात आसरा घेऊ शकतात का?

काही विशिष्ट संकटांत घेऊ शकतात. किरणोत्सारी वादळात मधे जितके वस्तुमान अधिक तितके बरे, आणि यानाच्या पोटातला, टाक्यांनी व यंत्रांनी वेढलेला बोगदा राहत्या खोल्यांपेक्षा सुरक्षित असू शकतो. 'स्टार ट्रेक'च्याच 'एंटरप्राइझ' नावाच्या नंतरच्या मालिकेतल्या 'द कॅटवॉक' या २००२ च्या भागात असेच घडते : यानाच्या इंजिन-नळकांड्यातून जाणाऱ्या देखभाल-वाटेत सगळे खलाशी आठ दिवस राहतात. पण इंजिन चालू असताना ती वाट माणसाला भाजून काढेल इतकी तापते, म्हणून आधी इंजिन बंद करावे लागते आणि यान हतबल होते. आसरा घेताना हवा, पाणी, शौच आणि जखमींना आडवे ठेवण्याची जागा यांची सोय आधीच केलेली नसेल, तर प्रश्न ८ मधला धोका काही तासांतच समोर उभा राहतो.

१७. कथेत बोगदा आणायचा आहे. आधी काय ठरवू?

तिथे काय दुरुस्त होते, ते आधी ठरवा. पात्राला अमुक ठिकाणी गुपचूप पोहोचवायचे आहे म्हणून आखलेला बोगदा वाचकाला लगेच खोटा वाटतो. त्याऐवजी तिथून शीतकाचा मुख्य नळ जातो हे ठरवा, म्हणजे बाकीचे आपोआप येते : नळ जिथून जिथे जातो तिथूनच बोगदा जाईल, भिंत गार असेल, दवाने ओल धरेल, मधेच झडपेपाशी रुंदी वाढेल, आणि तिथे गेल्या वेळी कोण आले होते हे झाकणावरच्या ओरखड्यांवरून कळेल. 'द नेक्स्ट जनरेशन'च्या १९९३ मधील 'लेसन्स' या भागात दोन पात्रे बोगद्यांच्या एका चौकात वाद्ये वाजवतात, कारण तिथला घुमार यानात सर्वांत उत्तम असतो. तो प्रसंग पटतो, कारण त्या जागेचा आकार मुळात दुसऱ्याच कामासाठी ठरलेला आहे आणि पात्रांनी त्यात आपल्यापुरते काही शोधले आहे.

१८. यानात असे बोगदे नसलेच, तर ती चूक मानायची का?

नाही. लहान यानात सगळे काही बसल्या जागेवरून हाताशी असते. अल्पकाळाच्या प्रवासाचे यान तळावर परतल्यावर बाहेरून उघडता येते, विमाने आज बव्हंशी अशीच दुरुस्त होतात. अंतराळ स्थानकासारखी पुढे कलणारी भिंतही चालते. बोगदे नसणे चूक ठरते ते फक्त एका ठिकाणी : यान मोठे आहे, वर्षानुवर्षे बंदराला न लागता जाते, त्याची यंत्रे भिंतींआड आहेत आणि तरीही ती बिघडल्यावर तिथवर कोण व कसे पोहोचते याचा कथेत कुठेच पत्ता नाही. अशा यानाचा आराखडा लेखकाने पुन्हा एकदा हाती घ्यावा आणि प्रश्न ३ पासून सुरुवात करावी.